रेघेवरची टाच

आमच्या नातीला घरात भिंगरी म्हणतात. ती फ्रिसबी खेळते, म्हणजे प्लास्टिकची चकती फेकायची, झेलायची आणि शेवटच्या पट्ट्यात झेलली की गुण. या खेळात पंचच नसतो. ज्याची तक्रार, त्यानेच ती मोठ्याने सांगायची. समोरच्याला पटलं तर त्याने 'मान्य' म्हणायचं, नाहीतर 'अमान्य'. दोघांचं जुळलंच नाही तर चकती फेकणाऱ्याकडे परत, आणि पुन्हा सुरू. तिने मला हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, हा खेळ कसला, हा तर संसार."

त्या दिवशी समोरच्या संघात दातांचा डॉक्टर होता. त्याने भिंगरीला लग्नाचं विचारलं होतं आणि सामना संपल्यावर ती उत्तर देणार होती. उत्तर 'नाही' असणार, हे तिने मैदानावर जाताना मला सांगून ठेवलं.

"मुलगा वाईट आहे का?"

"चांगलाच आहे गं. पण काहीही विचारलं की एकच, 'तू म्हणशील तसं.' याच्याशी जन्मभर बोलायचं काय?"

आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे, आणि त्यांचंही पालुपद हेच. पडदे कुठले आणू? तू म्हणशील तसं. थोरलीला कुठल्या शाळेत घालू? तू म्हणशील तसं. आणि डोळ्याला भिंग लावून पुन्हा घड्याळात डोकं खुपसायचं. पडदे भडक निघाले की मात्र, "तूच म्हणालीस ना?" शेजारणी मला नशीबवान म्हणायच्या. खणात त्यांचं ते भिंग अजून आहे, हाताला लागलं की बरं वाटतं. पण एकदा तरी कडकडून भांडायला मिळायला हवं होतं.

मी कडेला खुर्ची टाकून, छत्री उघडून बसले. सामना बरोबरीत आला. पुढचा गुण ज्याचा, तो जिंकणार. चकती वाऱ्यावर तिरपी होत आली. भिंगरीने शेवटच्या पट्ट्याच्या कोपऱ्यात झेप घेतली, ती झेलली आणि तिच्या मैत्रिणी नाचायला लागल्या.

"बाहेर," डॉक्टर म्हणाला. दात किडलाय हे सांगावं तितक्या मऊ आवाजात. "टाच रेघेवर होती." या खेळात रेघ म्हणजे बाहेरच.

"अमान्य. टाच आत होती."

"रेघेची फक्की उडालेली पाहिली मी."

"एवढ्या उन्हात?"

"मी दिवसभर लोकांच्या तोंडात बघतो. बारीकसारीक दिसतं मला."

सगळे हसले, भिंगरी सोडून.

"नीट आठव."

"आठवलं. रेघेवर."

त्याचे कान लाल झाले होते, पण गडी जागचा हलेना. मी मनात म्हटलं, झालं, उरलंसुरलं लग्नही गेलं.

चकती परत गेली. पुन्हा फेकली ती वाऱ्याने भलतीकडेच नेली, आणि थोड्या वेळाने डॉक्टरच्या संघाने गुण घेतला.

मैदानाबाहेरच्या बाकावर बसून भिंगरीने बूट काढले. टाचेला पांढरी फक्की होती. मी नुसतं बोट दाखवलं.

"दिवसभर त्यातच पळत होते, आजी. हा काही पुरावा नाही."

"मी कुठे काय म्हटलं?"

तेवढ्यात तो तिची विसरलेली पाण्याची बाटली घेऊन आला. बाटली दिली आणि उभाच राहिला.

"अजून तुझं तेच म्हणणं?" तिने विचारलं.

"तेच."

"मी चिडले असले तरी?"

"हो."

ती त्याच्याकडे अशी बघत राहिली, जणू हा गृहस्थ तिला आत्ताच कुणी भेटवला होता. मग म्हणाली, "चहा घेऊ या की कॉफी?"

त्याच्या ओठावर 'तू' आलेला मला स्पष्ट दिसला. त्याने तो गिळला.

"कॉफी."

"अमान्य," भिंगरी म्हणाली, आणि बूट उचलून बाकावर त्याला जागा केली.

दोघं वाद घालत बसले. मी छत्री मिटली. मलाही चहाच हवा होता, पण मला कोण विचारतंय.