पिवळ्या कॅपची कड

हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी त्याने साचा फोडला, आतली दाताची कॅप पाण्यात बुडवून ब्रशने घासली आणि बायकोपुढे धरली. तिने ती खिडकीशी नेली. सोन्यासारखी दिसायला हवी होती, ती निघाली काळपट, आणि चावायच्या बाजूला टाचणीने टोचल्यासारखी भोकं. ही तिसरी.

“पुन्हा तेच?” त्याने विचारलं.

“तेच.”

त्याने धातूला एक शिवी हासडली. दातांच्या कॅपचा हा पिवळा धातू सोन्याचा आव आणतो, पण असतो तांब्याच्या घराण्यातला. सोनं वितळलं की आरशासारखं चमकतं आणि आपणहून सांगतं, मी तयार आहे. हा लबाड वितळला तरी अंगावर मळकट साय ओढून बसतो. सायीखाली धातूचे तुकडे मिसळून गोळा थरथरला की त्याच घटकेला साच्यात सोडायचा. उशीर झाला तर धातू जळतो आणि कॅपला भोकं पडतात. घाई झाली तर तो टोकापर्यंत पोचत नाही, कॅपची कड बोथट राहते. सगळी मदार बघणाऱ्याच्या डोळ्यांवर.

त्या एका खोलीत दोघांनी जन्म काढला होता. मेणाचा दात ती कोरायची, धातू तो ओतायचा. या आठवड्यात त्याने गॅसची नळी बदलली, धातू वितळवायची नवी मूस आणली, साचे भट्टीत जास्त वेळ ठेवून पाहिले, उरलेले जुने तुकडे मिसळणं बंद केलं. भोकं काही हटेनात. काम पाठवणाऱ्या डॉक्टरांनी फोनवर हसत हसत, नाचता येईना अंगण वाकडं, असं ऐकवलं. आणि आज कॅप नीट आली नाही तर पुढचं काम दुसरीकडे जाईल, हेही. तो हसला नव्हता.

तिला मात्र दोष केव्हाच सापडला होता. ज्योतीपुढे बसताना तो काळा चष्मा घालेनासा झाला होता. चहा ओतताना कपात बोट धरायचा. दाराजवळच्या स्टुलाला ठेचकाळला की कुणी हलवलं म्हणून डाफरायचा, आणि ती म्हणायची, मीच हलवलं. मुशीतला गोळा त्याला दिसत नव्हता, नुसता उजेड दिसत असणार. पण हे बोलायला तिची जीभ रेटत नव्हती. भट्टीपुढून उठवल्यावर हा माणूस दिवसभर करणार काय?

“एकदा सोक्षमोक्ष लावू,” तो म्हणाला. “याच धातूची एक तू ओत. तुझीही बिघडली, तर धातूच खोटा. आणि चांगली निघाली, तर...” त्याने चाचपून मूस तिच्याकडे सरकवली.

भट्टीत त्याच दाताचे दोन साचे तापत होते; एक बिघडला तर दुसरा असावा, म्हणून. तिने पहिला ओतायच्या यंत्रात बसवला आणि मुशीवर ज्योत धरली. तुकडे लाल झाले, कोपरे खचले. अजून मिसळले नव्हते. इतकी वर्षं शेजारी बसून तिला वेळ पक्की ठाऊक होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो मान थोडी वाकडी करून, कान देऊन उभा होता. तिने खटका सोडला आणि यंत्राची फिरकी गरगरली, धातू साच्यात फेकला गेला.

साचा निवल्यावर तिनेच फोडला.

“माझीही बिघडली,” ती म्हणाली. “धातूच वाईट. परत पाठवून देऊ.”

त्याने कॅप मागून घेतली. वरून अंगठा फिरवला, मग कडेवरून नख.

“भोक एकही नाही. कड तेवढी बोथट. थंड ओतलीस.”

“घाई झाली माझी.”

“तुझी? घाई?” तो थोडा वेळ कॅप बोटांत फिरवत राहिला. “कधीपासून माहीत आहे तुला?”

“काळा चष्मा सोडलात तेव्हापासून.”

त्याने एप्रनची गाठ सोडायला घेतली. ती सापडायला वेळ लागला; तिने मदत केली नाही, त्याला ते खपलं नसतं. एप्रन तिच्या हातात देऊन तो म्हणाला, दुसरा साचा बसव.

या वेळी तुकडे खचले, मिसळले, सायीखाली गोळा थरथरला. आणि सवयीने ती, गोळा झाला की तो द्यायचा त्या हुंकाराची वाट बघत थांबली.

“झाला का गोळा?”

“झाला.”

“मग कुणासाठी थांबलीस? सोड.”

कॅप पिवळीधमक निघाली. तिने ती त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने कडेवरून सबंध एक फेरा नख फिरवलं, मग पुन्हा, अगदी सावकाश. नख कुठेच अडलं नाही. त्याने पायाने स्टूल शोधलं आणि खाली बसला.

“डॉक्टरांना फोन कर,” तो म्हणाला. “अंगण सरळ आहे म्हणावं.”