दादाची दाढी

"गिऱ्हाइकाला मान वाकवायला लावायची नाही. आपण वाकायचं."

पहिल्यांदा हातात कात्री देताना थोरल्या भावानं बजावलं होतं. धाकट्यानं ते जन्मभर पाळलं आणि त्यापायी कंबरेच्या मणक्यांचा पार चुरा झाला.

ऑपरेशनला वर्ष होत आलं तरी दुखणं घरजावयासारखं ठाण मांडून बसलेलं. सकाळी कुशीवर वळून, गादीला हात रेटत तो कसाबसा उठून बसायचा. तोवर बायकोची प्रार्थना आटोपलेली असायची. तिचा नेम कधी चुकला नाही. पूर्वी ती त्याचं दुखणं जावं म्हणून मागायची. अलीकडे एवढंच मागायची, की ह्यांना दुपारपर्यंत उभं राहता येऊ दे. तेवढंही रोज मिळत नव्हतं.

दुकानात त्यानं एक युक्ती काढली होती. खुर्ची शेवटपर्यंत वर चढवायची, म्हणजे वाकायला नको. पण हाताला सवय वरून बघत कापायची. डोकं डोळ्यांसमोर आलं तसा अंदाज फसला आणि टपालवाल्याचा एक कल्ला दुसऱ्यापेक्षा चांगलाच खाली राहिला. बिचारा पैसे मोजून निघून गेला. पुढच्या खेपेला तो समोरच्या दुकानातून बाहेर पडताना दिसला, तेव्हा दोघांनीही एकमेकांना न पाहिल्यासारखं केलं.

एका सकाळी धाकटा पुन्हा डॉक्टरांकडे गेला. ऑपरेशन उत्तम झालंय, फोटोत सगळं जागच्या जागी आहे, असं ते म्हणाले. मग दुखतं ते काय, त्यानं विचारलं. शिरेला इजा आधीच झाली होती. पुन्हा चिरफाड करून फायदा नाही. गोळ्या, शेक, थोडं चालणं, थोडं पडणं, असंच निभवायचं.

"म्हणजे मी बरा होणार नाही?"

"कमी-जास्त होत राहील," डॉक्टर हळूच म्हणाले.

घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून पडला. जिवाला खात होता तो दादाला दिलेला शब्द. अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या दादाला त्यानं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं, "बरा झालो की तुझी दाढी मीच करणार. तोवर दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस." दादा हट्टाला पेटला. कुणी वस्तरा घेऊन जवळ आलं की तोंड फिरवायचा. त्याचा पलंग बुटका, भिंतीला लागून. पुरतं वाकल्याशिवाय गालाला हात पोचायचा नाही.

दुपारी वहिनींचा फोन आला. "भावजी, तुमचे दादा आता आरशात बघितलं तर स्वतःलाच अहो-जाहो करतील." मग त्यांचा आवाज खाली आला. "म्हणतात, त्याला सांग घाई नाही. पण मी गेल्यावर करणार असेल, तर तेव्हा मला काही कळायचं नाही."

त्यानं फोन ठेवला. "बरा झालो की" हे शब्द आता कुठल्याच दिवसाला लागू पडणार नव्हते.

मग तो कुशीवर वळला. गोळी घेतली, पट्टा आवळला. वस्तरा, ब्रश, साबण पिशवीत टाकला.

"डॉक्टर काय म्हणाले?" बायकोनं दारातून विचारलं.

"फोटो चांगला आलाय."

ती दारातून बाजूला झाली. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, तो दादाच्या घराकडे निघाला.