मोहनकाका गेले, तेव्हा मी ऑन होतो

मी एक जुना माईक आहे, आणि मित्रांनो, एका रविवारी मला जो धक्का बसला त्यातून मी अजून सावरलेलो नाही. सध्या माझा मुक्काम इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या एका लहानशा रेडिओ स्टेशनात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात असतो. शेजारी दोन मुके हेडफोन आहेत. त्यांच्याशी काय बोलणार?

माझी पहिली नोकरी हॉस्पिटल रेडिओत होती. तिथे पेशंटांच्या फर्माइशीची गाणी लावत. येणारा प्रत्येक जण आधी माझ्यावर टिचकी मारी, मग फुंकर मारी. तुमच्या कानात कोणी अशी फुंकर मारली तर चालेल का तुम्हाला? २००१ साली दिया आली. कॉव्हेंट्रीतच जन्मलेली, मराठी डॉक्टरांची मुलगी. तिने फुंकर मारली नाही. ती सरळ बोलायलाच लागली. मला ती तिथेच आवडली.

दोन वर्षांनी तिला या स्टेशनात काम मिळालं. हॉस्पिटलने तेव्हाच नवा माईक घेतला होता, म्हणून तिने मला मागून आणलं. रोज संध्याकाळी तिचा इंग्रजी कार्यक्रम असे. गुरुवारी इथल्या वर्तमानपत्रात तिचा कॉलम छापून येई, आणि पाठवण्याआधी ती तो माझ्यासमोर मोठ्याने वाचून बघे. लोक तिचं कौतुक करत. माझं कोणी केलं नाही, पण ते असो.

रविवारी सकाळी दहाला मात्र अर्धा तास मराठी असे. दिया इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून आणायची आणि धीटपणे वाचायची. "माझा आई", "मोठी पाऊस" असं काहीही बोलायची. ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. पण आसपासच्या मिडलंड्स भागातली मराठी घरं तो अर्धा तास चुकवत नसत.

मग २००६ सालच्या मे महिन्यातला तो रविवार आला. नुकतेच रिटायर झालेले डॉक्टर मोहन, म्हणजे दियाचे मोहनकाका, आदल्या संध्याकाळी तीन महिन्यांसाठी पुण्याला निघाले होते. दियाला वाटलं, श्रोत्यांना सांगावं. ती मनात इंग्रजीत विचार करत होती आणि तोंडाने मराठी बोलत होती.

"आपले मोहनकाका काल संध्याकाळी गेले," ती म्हणाली. "आपण सगळे त्यांना खूप मिस करणार."

आणि तिने भजन लावलं!

काय घोळ झाला ते मला कळलं होतं, पण मी कसा सांगणार? माईकला कान असतात, जीभ नसते.

स्टुडिओतला फोन वाजला. दियाने तो स्पीकरवर घेतला. आमच्या नेहमीच्या श्रोत्या अनुराधाकाकू होत्या, हुंदके देत होत्या. "दिया, असे कसे गं अचानक गेले?"

"अचानक नाही काकू," दिया हसत म्हणाली. "डेट तर जानेवारीपासून फिक्स होती. काका किती एक्सायटेड होते!"

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला.

दुसरा फोन यमुनाकाकूंचा होता, मोहनकाकांच्या पत्नीचा. आवाज इतका बारीक की मलाही कान टवकारावे लागले. "दिया, तुला कोणी कळवलं गं? मला तर कोणाचाच फोन आला नाही."

"काकू, तुम्हीच तर फ्रायडेला सांगितलं. मोहनकाका जाणार म्हणून."

मग काकू किंचाळल्या, "अगं, पुण्याला गेले म्हण! नुसतं गेले म्हणजे..." पुढचा शब्द त्यांना उच्चारवेना. त्या रडायलाच लागल्या.

दियाने भजन मध्येच तोडलं. 'वारले' हा शब्द तिला ठाऊकच नव्हता. तिला आला तो शब्द तिने वापरला. "एव्हरीवन, प्लीज, मोहनकाका मेले नाहीत!"

वडीलधाऱ्या माणसाला 'मेले'!

दुपारपर्यंत यमुनाकाकूंच्या दारात फुलांचे अकरा गुच्छ येऊन पडले. संध्याकाळी पुण्याहून खुद्द मोहनकाकांचा फोन आला, तेव्हा कुठे त्या जेवल्या. स्टेशनला पत्रं आली, "शुद्ध बोलणारं कोणी तरी बसवा." दियाने गुरुवारच्या कॉलममध्ये माफी मागितली, उत्तम इंग्रजीत. पण पुढचे तीन रविवार ती मराठीत एक अक्षरही बोलली नाही. गाण्यामागून गाणी लावत बसली. महिनाअखेरीस तो अर्धा तास बंद करायचा असं तिने स्टेशनच्या साहेबांना सांगूनही टाकलं.

चौथ्या रविवारी, कार्यक्रमाच्या आधी, यमुनाकाकू स्वतः स्टुडिओत आल्या. दिया ताडकन उभी राहिली.

"काकू, आय अ‍ॅम सो सॉरी. माझा चूक झाला. मी परत मराठी बोलणार नाही."

"माझा राग अजून गेलेला नाही," काकू म्हणाल्या. "पण तुला एक सांगायचंय. त्या दिवशी रेडिओ ऐकून मी आधी तुला फोन केला नव्हता. बर्मिंगहॅमला राजला केला. माझ्या मुलाला. म्हटलं, राज, बाबा गेले रे."

"मग?"

"तो म्हणाला, 'आय नो, मम. यस्टर्डे.' आणि घाईत आहे म्हणून फोन ठेवला." काकू पुढे म्हणाल्या, "मला वाटलं, पोराला कालपासून ठाऊक होतं आणि त्याने मला सांगितलं नाही. अगं, त्याला वाटलं मी पुण्याला गेल्याचंच सांगतेय, मी काय म्हणतेय ते त्याला कळलंच नाही. राज मराठीत कधी चुकत नाही, दिया. तो बोलतच नाही ना."

दिया खाली मान घालून रडत होती. काकूंनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसल्या. "दहा वाजले. बोल तू. चुकलीस तर मी आहे इथे."

मित्रांनो, मला पुसलं नाहीत, धूळ खात ठेवलंत तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरात कोणी मोडकंतोडकं मराठी बोलायला लागलं, तर हसून त्याचं तोंड बंद करू नका. शेजारी बसा आणि शब्द सांगा. नाही तर एक दिवस तुम्ही जिवाच्या आकांताने काही सांगाल, आणि तुमचंच लेकरू "आय नो" म्हणून फोन ठेवेल.