रमाबाईंची जबानी

अप्पासाहेब विजयकरांना त्या सकाळी काहीच वाटत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. दुःख नाही, संताप नाही, काही म्हणता काही नाही. गिरगावातल्या घरी चहा समोर आला, तो ते प्यायले. साखर होती की नव्हती, देव जाणे. जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली, गोळ्या चालल्या, तेव्हापासून त्यांचं हे असं झालं होतं. गोळ्या चालवणारं सरकार त्यांच्याच पक्षाचं आणि मेली ती माणसंही त्यांचीच. याच माणसांसाठी बेचाळीस साली त्यांनी चालती वकिली सोडून दीड वर्ष तुरुंगात काढलं होतं. आता वकिली परत मिळाली होती, आमदारकी मिळाली होती आणि तोंडाला कुलूप लागलं होतं.

समोर काळाचौकीच्या रमाबाई बसल्या होत्या. त्यांचा वीस वर्षांचा जगदीश गिरणीत दुसऱ्या पाळीला निघाला आणि लालबागच्या नाक्यावर गोळी लागून पडला. उद्या अपमृत्यू तपासणाऱ्या कॉरोनरच्या कोर्टात त्याच्या मृत्यूची चौकशी होती. 'जमावातला दंगेखोर' असं एकदा कागदावर चढलं, की मेल्यावरही पोरगा गुंडच! रमाबाईंना फक्त एवढंच हवं होतं, की तो कामाला चालला होता असं लिहिलं जावं.

"तुमीच उभे राहा, अप्पासाहेब. दुसऱ्या कुणाला आमी वळखत नाय."

पक्षात आपली काय गत होईल, हे अप्पांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी वकीलपत्रावर सही केली आणि पोलिसांनी इस्पितळात घेतलेली रमाबाईंची जबानी वाचायला घेतली.

मुलगा कुठे चालला होता? मला ठाऊक नाही. जमावात होता का? मला ठाऊक नाही. बरोबर कोण होतं? मला ठाऊक नाही.

"अहो रमाबाई, हे काय सांगून बसलात? डबा तुम्हीच भरून दिलात ना त्याला?"

"दिला की. भाकरी आणि सुकट."

"मग?"

रमाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "तुमीच तर शिकवलंत. बेचाळीसला चाळीत येऊन आमा सगळ्या बायकांना बसवलंत, पाठ करून घेतलंत. पोलिसानं काय बी विचारलं, तरी एवढंच बोलायचं. आमचे हे सुटले ते त्याच्यामुळं. मग मी ह्या येळेला दुसरं कसं सांगू?"

अप्पांनी कागद खाली ठेवला. आतून भडभडून येईल म्हणून ते थांबले, पण मेलं काही आलंच नाही.

गिरणीची हजेरी कामाला येणार नव्हती. पोरगा गिरणीपर्यंत पोचलाच नव्हता. शेजारी भेदरलेले. आता ही बाई तेव्हा खोटं का बोलली, हे सांगणारा जगात एकच साक्षीदार होता. आणि साक्षीदाराला त्याच कामात वकील राहता येत नाही. दुसऱ्या दिवशी अप्पांनी वकीलपत्र सोडलं. पोरगा डबा घेऊन कामाला निघाला होता, असं आधी रमाबाईंनी कोर्टाला सांगितलं आणि मग अप्पा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले.

आपण काय शिकवलं, कुठे, किती बायकांना, सगळं त्यांनी सांगितलं. अगदी वाण्याची यादी वाचावी तसं. मग सरकारी वकील उठले. वयानं पोरसवदा, बोलणं भारी अदबीचं.

"म्हणजे पोलिसांना खोटं सांगायचं, ही आपली शिकवण?"

"हो."

"आणि या बाईंनी ती चौदा वर्षं पाळली?"

"हो."

"मग आज त्या आपल्या शिकवणीबाहेर बोलताहेत, हे ज्युरीनं कशावरून मानायचं?"

अप्पांनी एकदा रमाबाईंकडे पाहिलं आणि ते पिंजऱ्यातून खाली उतरले.

ज्युरीनं लिहून दिलं: गोळी लागून मृत्यू. मयत तिथे कशासाठी होता, याचा भरवशाचा पुरावा नाही.

बाहेर पायरीवर रमाबाईंनी विचारलं, "काय लिवलं?"

अप्पांनी जसंच्या तसं सांगितलं. रमाबाईंनी ते ऐकलं, दोनदा मान हलवली. "म्हणजे गुंड नाय लिवलं?"

"नाही. पण कामाला चालला होता, असंही नाही."

रमाबाई पदर सावरून वाकल्या आणि त्यांनी अप्पांच्या पायांवर हात ठेवले.

"तुमी होतात म्हणून एवढं तरी झालं, अप्पासाहेब."

पाय मागे घ्यावेत, असं अप्पांच्या मनात आलं. पाय हलले नाहीत.