सात जणींचे वार

मोठ्या सिस्टरांनी चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवला आणि मेसेज दुसऱ्यांदा वाचला.

‘आज मोठ्या सिस्टरांची ड्युटी तुझी. विसरू नकोस हं, मागच्या वेळी तुझ्याऐवजी मीच भरून काढली.’

एकीने दुसरीला धाडायचा मेसेज चुकून त्यांच्याकडे आला होता. बघता बघता तो पुसलाही गेला. पण वाचायचा तो वाचून झाला होता.

वॉर्ड सोडून तीन वर्षं झाली, तरी हाताखाली तयार झालेल्या सात जणींना त्या रोज सकाळी न चुकता लिहीत. कुणाच्या लेकराचा खोकला, कुणाच्या नवऱ्याची बदली, सगळ्याची विचारपूस. शिवाय फुलाचं चित्र, एखादा सुविचार, पेपरातलं औषधाचं कात्रण. दुपारपर्यंत कुणा ना कुणाचं भलंमोठं उत्तर येईच. ‘पोरींनी जीव लावलाय,’ असं त्या शेजारणीला कौतुकाने सांगत.

त्यांची मुलगी त्याच वॉर्डात नर्स होती. ओट्याला टेकून ती एका हाताने चहा पीत होती, दुसऱ्या हाताने फोन चाळत होती.

“माझी ड्युटी म्हणजे काय गं?”

मुलीचा अंगठा थांबला.

“कोण म्हणालं?”

“म्हणालं कुणीतरी.”

“आई, तुझे दिवसाला तीस-तीस मेसेज. सगळ्या उत्तरं देत बसल्या तर पेशंट कुणी बघायचे? नाही दिलं की तू फोन करणार, ‘आहेस ना गं जिवंत?’ वैतागल्या होत्या. तुला ब्लॉकच करायला निघालेल्या. मग मीच वार लावून दिले. ज्या दिवशी जिची पाळी, तिने नीट उत्तर द्यायचं.”

“सात जणी, सात वार.”

“हो. कुणा एकीवर भार नको.”

तक्ता चोख होता. त्यांनीही असाच लावला असता.

“आणि तुझा वार कुठला?”

“मला कशाला वार? मी घरातच असते की,” म्हणत मुलीने पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

ती कामावर गेल्यावर मोठ्या सिस्टरांनी फोन उचलला. मग एकेकीला, नावानिशी, लिहिलं: ‘उद्यापासून माझी ड्युटी बंद. सगळ्यांना सुट्टी.’

सातवा मेसेज गेला आणि त्यांनी फोन मांडीवर ठेवला. एखादी तरी फोन करेल, ‘असं काय हो सिस्टर,’ म्हणून रडेल, भांडेल. काय बोलायचं तेही त्यांनी मनात जुळवून ठेवलं.

फोन कुणाचाच आला नाही. उत्तरं मात्र सातही जणींची आली, पाच मिनिटांच्या आत. सहा नुसते अंगठे होते.

आज जिचा वार होता, तिने तेवढ्या चार ओळी लिहिल्या होत्या.