चाळीस मिलिसेकंद

दुपारी बाबा झोपतात आणि शेजारच्या खोलीत मी काम करत त्यांचा श्वास ऐकते. त्यांचं ऑक्सिजनचं यंत्र घुमत असतं. मध्येच ते गप्प होतं, वीस सेकंदांनी पुन्हा सुरू होतं. तेवढा वेळ माझा जीव टांगणीला लागतो.

यंत्र आमच्याच कंपनीचं. तसलंच एक उघडून टेबलावर ठेवलंय. प्रत्येक श्वासाची नोंद ते फ्लॅश मेमरीत ठेवतं आणि नेमकं तेव्हाच त्याचा कर्नल, म्हणजे सगळी कामं वाटून देणारा आतला मुकादम प्रोग्रॅम, कोसळतो. नवं यंत्र कधीच बंद पडत नाही; तीन-चार वर्षं वापरलेलं हमखास पडतं. तीन आठवडे डोकेफोड चाललीय, आणि माझं डोकं मुळातच तापट.

आज जेवताना विचारलं, "बाबा, गोळी घेतलीत? घेतलीत का? बाबा?"

"घेतली गं." बाबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, त्यांना कसलीच घाई नसते. "म्हाताऱ्याचं उत्तर यायला वेळ लागतो. तुला धीर कुठला!"

मग ते झोपले. उन्हाचा पट्टा फरशीवर पसरला होता. माझाही डोळा लागला. एक लांबलचक बोळ दिसला, दोन्हीकडे हजारो चिमुकल्या खोल्या. एका खोलीत कुणीतरी म्हातारं माणूस हळूहळू फरशी पुसत होतं, आणि मी बाहेरून दार बडवत होते. "पुसतोय गं," आतून आवाज आला. आवाज बाबांचा होता.

दचकून जागी झाले. नवं लिहिण्याआधी मेमरीला जुनं पुसावं लागतं, आणि ती झिजली की पुसायला जास्त वेळ घेते. तिच्याशी बोलणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, तिच्यासाठी थांबायचा फक्त चाळीस मिलिसेकंद; तेवढ्यात उत्तर आलं नाही की कर्नल कोसळायचा. पूर्वी तिथे चारशे होते. आकडा कुणी बदलला ते शोधलं, तर प्रोग्रॅमच्या त्या ओळीपुढे माझंच नाव. यंत्र झटपट सुरू व्हावं म्हणून मीच तो छाटला होता, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

साहेबांना फोन लावला. "चूक सापडली. माझीच आहे. घरोघरची यंत्रं दुरुस्त करावी लागतील."

बाबा उठल्यावर त्यांना सिलिंडर लावला, यंत्रात चारशेचा आकडा भरला आणि ते पुन्हा जोडलं. संध्याकाळपर्यंत ते एकदाही थांबलं नाही.

"बाबा, बरं वाटतंय?" मी विचारलं आणि ओठ मिटून घेतले.

यंत्र घुमत राहिलं. उन्हाचा पट्टा भिंतीवर चढला.

"वाटतंय," बाबा म्हणाले.