रीमला कुणी उचलायचं?

बहीण बाळंतपणातच गेली आणि तान्ही रीम दलांदाच्या कुशीत आली. समुद्रकाठच्या महदिया गावातल्या आपल्या घरात दलांदा एकटीच. लग्न राहूनच गेलेलं. मेहुणा नजीब, रीमचा बाप, सदा मासेमारीच्या बोटीवर. पोरीला सारखं उचलायचं, खांद्यावर थोपटायचं, एका हाताने कडेवर सांभाळत दुसऱ्याने चूल बघायची. हिवाळा सरता सरता तिचा उजवा अंगठा असा धरला की पातेल्यावरचं झाकण उचलवेना. एकदा आंघोळ घालताना मनगटातून कळ गेली आणि पोर हातातून निसटली. टोपात पाणी ओंजळभरच होतं, पण दुसऱ्याच दिवशी दलांदाने दवाखाना गाठला.

"अंगठ्याच्या स्नायूला सूज आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पट्टा बांधा, बर्फ लावा. आणि बाळाला उचलायचं नाही."

"मग कुणी उचलायचं?"

उचललं नजीबच्या आईने. सासिया दूरच्या कैरवान शहरातून आली नि पोरीला दुपट्यात गुंडाळत म्हणाली, "हात कायमचा गेला तर काय पायाने वाढवशील हिला? मी नेते हिला कैरवानला. आधी बरी हो, मग ने."

दलांदा बरी होण्याच्या मागेच लागली. पट्टा, बर्फ, मग कोमट पाण्यात अंगठा हळूहळू मिटायचा, उघडायचा. एखादी नमाज चुकली असेल, व्यायाम नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर जर्दाळू बाजारात आले तेव्हा तिने पाण्याने भरलेली कळशी उचलून पाहिली. कळ आली नाही. तिने कैरवानची गाडी धरली.

रीम आता बसायला लागली होती. दलांदाने हात पसरले, तसा पोरीचा चेहरा रडवेला झाला. ती सासियाच्या मानेत शिरली.

"मावशी ना गं ती! खुळी कुठली," सासिया ओशाळली. "राहा चार दिवस. होईल सवय."

दुपारी पोर झोपेतून रडत उठली. दलांदा आधी पोचली, तिने अलगद उचललं. मनगट जराही दुखलं नाही. रीम मात्र पाठ ताणून, दाराकडे हात करून किंचाळत राहिली. सासियाने घेतलं आणि ती गप्प झाली.

"तुमच्यापाशीच राहू दे, अम्मी."

"अगं, पण तू..."

"एकदा आई गेली तिची. मग मी. आता तिसऱ्यांदा नको."

सासियाने ओढणीने डोळे पुसले. दलांदाने पिशवीतली विणलेली झबली काढून सासियाच्या कपाटात रचली आणि संध्याकाळची गाडी गाठायला निघाली.

आजीच्या कडेवरून रीम बघत होती. पोरं पाहुण्यांकडे बघतात, तशी.